खोलीवरचा कर, ताटावरची काटकसर

प्रश्न ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटजवळच्या एका गावातून आला आहे. विचारणाऱ्या ताई सहा खोल्यांचं होमस्टे आणि त्याला लागून खानावळ चालवतात, नवऱ्याची सफारीची जिप्सी आहे. खोलीचा भाव १,८०० रुपये. पुढच्या सीझनला दोन मोठी कॉटेजं बांधून ती ८,००० ला द्यायचा विचार आहे. त्यांनी विचारलंय: "जीएसटी पुन्हा वाढला तर आमचं गिऱ्हाईक किती तुटेल? वाढलेला कर गिऱ्हाइकाकडून घ्यायचा की आपल्या पोटात घालायचा? शेजारचा म्हणते, भाव तोच ठेव, नाहीतर लोक पलीकडच्या गेटला जातील."

ताई, चंद्रपूर, वरोरा, उमरेड या पट्ट्यातल्या लॉज, ढाबे आणि रिसॉर्टवाल्यांची करकामं मी तेवीस वर्षं करतो आहे. एवढ्या वर्षांत खोलीवरचा कर कधी चढला, कधी उतरला. कर वाढला म्हणून कुणी ताडोब्याचं बुकिंग रद्द केलेलं मी क्वचितच पाहिलं. लोक येतातच, पण आल्यावर हात आखडतात, आणि त्या आखडलेल्या हाताचा फटका करवाल्या बिलाला बसत नाही, बाकीच्यांना बसतो.

आधी आकडा मांडू. तुमच्या १,८०० च्या खोलीवर आज ५ टक्के, म्हणजे ९० रुपये. उद्या समजा दर पुन्हा १२ टक्के झाला तर २१६. फरक १२६ रुपये. नागपूरचं चौघांचं कुटुंब दोन रात्री राहिलं तर २५२ रुपये जास्त. त्याच कुटुंबाचा जिप्सी, प्रवेश, गाइड आणि पेट्रोलचा खर्च खोलीपेक्षा बराच मोठा असतो, आणि सफारीचं बुकिंग त्यांनी कितीतरी आधी पैसे भरून ठेवलेलं असतं. २५२ रुपयांसाठी कोणी वाघ सोडून घरी बसत नाही. शिवाय व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशशुल्काला जीएसटीतून सूट आहे, त्यामुळे दर वाढला तरी सहलीचा तो भाग हलत नाही.

पण घरून निघताना त्या कुटुंबाने सहलीचा एक आकडा ठरवलेला असतो. तो आकडा कुठेतरी पाळायचाच असतो. मग दुसऱ्या दिवशी दुपारी चार थाळ्यांऐवजी तीन सांगितल्या जातात. संध्याकाळची भजी राहतात. बचत गटाच्या बायकांनी मांडलेल्या बांबूच्या वस्तू हातात घेऊन परत ठेवल्या जातात. गाइडला निघताना मिळणारी शंभराची नोट पन्नासाची होते. माझ्या एका अशिलाच्या वह्यांत मी हे नीट पाहिलं आहे. खोल्यांचा आकडा जसाच्या तसा होता, खानावळीचा मात्र खाली आला होता, आणि मालक महिनाभर आचाऱ्याला बोलत होता की भाजीला चव राहिली नाही. चव तीच होती.

म्हणून तुमच्यासारख्या घरात, जिथे खोली, खानावळ आणि जिप्सी एकाच चुलीवर शिजते, तिथे करवाढीचा परिणाम खोलीच्या रजिस्टरात शोधू नका. रात्री गल्ल्यात दिसेल तो.

शेजाऱ्याच्या बोलण्याबद्दल. पलीकडच्या गेटला लोक जातील हे जीएसटीच्या बाबतीत खरं नाही. दर देशभर एकच आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव सगळीकडे तोच. इतकंच काय, पेंचच्या खुर्सापार गेटला आणि पलीकडे मध्य प्रदेशातल्या तुरिया गेटलाही खोलीवर तेवढाच कर. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्याआधी तसं नव्हतं. तेव्हा केंद्राचा सेवाकर वेगळा, राज्याचा ऐषाराम कर वेगळा, जेवणावर व्हॅट वेगळा, आणि राज्याची हद्द ओलांडली की बिल बदलायचं. आज ती भीती फक्त दारू आणि पेट्रोल-डिझेलला उरली आहे, कारण ते जीएसटीबाहेर आहेत.

खरा भेद आहे तो नोंदणी असलेल्या आणि नसलेल्यात. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी घ्यावी लागत नाही. तुमच्या सहा खोल्या १,८०० ने वर्षभरात चाळीस टक्के भरल्या तरी पावणेसोळा लाख होतात, वर खानावळ धरली की २० लाखांची रेघ ओलांडते. दोन्ही एकाच पॅनवर असतील तर दोन्हींची बेरीज धरतात, हे लक्षात घ्या. जिप्सी नवऱ्याच्या पॅनवर, ती वेगळी. शेजाऱ्याच्या तीनच खोल्या, त्याला नोंदणी नाही, त्याच्याकडे थेट येणाऱ्या गिऱ्हाइकाला कर नाही. कर वाढतो तेव्हा तुमच्यात आणि त्याच्यात तेवढंच अंतर वाढतं. मात्र तोच शेजारी एखाद्या बुकिंग पोर्टलवरून खोली देत असेल तर तिथे कर लागतोच. नोंदणी नसलेल्या छोट्या खोलीवाल्याच्या वतीने तो पोर्टलवाल्याने भरायचा, असा कायदा आहे. म्हणजे पोर्टलवर तुम्ही दोघं सारखे, दारात मात्र तो स्वस्त.

आता "पोटात घालू का" याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे, आणि इथे लोक फसतात. १८ जुलै २०२२ चं उदाहरण घ्या. तोवर हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला कर नव्हता. त्या दिवसापासून १२ टक्के लागला. जंगलाच्या बाजूला त्याचं फार काही वाटलं नाही. पावसाळा होता, कोअर म्हणजे जंगलाचा आतला भाग सफारीला बंद होता, आणि गेटजवळ नोंदणी असलेल्यांकडे हजाराखालची खोली तशीही कमीच. पण शेगावला स्टेशनजवळच्या लॉजवाल्याला ८०० च्या खोलीवर एकदम ९६ रुपये लागले. तिथे येणारा भक्त दर्शनाला येतो, खोलीसाठी येत नाही. त्याला संस्थानचं भक्तनिवास आहे, नाहीतर दर्शन करून रात्रीची गाडी आहे. धार्मिक ट्रस्टच्या आवारातल्या हजाराखालच्या खोल्यांना सूट कायम राहिली, तशी लॉजला नव्हती. म्हणून तिथल्या ज्या लॉजवाल्यांना मी ओळखतो त्यांनी बहुतेक कर पोटात घातला. ८०० मध्येच कर धरायचा म्हटला तर हातात ७१४ रुपये उरतात. रंगरंगोटी लांबली, एक पोऱ्या कमी झाला. चिखलदऱ्याचं आणखी वेगळं. अमरावती-अकोल्याहून धुकं पाहायला येणारा माणूस संध्याकाळी घरी परत जाऊ शकतो, तिथे खोलीची स्पर्धा त्याच्या स्वतःच्या घराशी आहे.

तुमची तशी नाही. पहाटेची सफारी असेल तर गेटजवळ मुक्काम करावाच लागतो. म्हणून मोहर्लीत कर पोटात घालू नका. बिलावर वेगळा दाखवा आणि घ्या. एकदा पोटात घातलेला कर परत गिऱ्हाइकाकडून मागायला गेलात तर त्याला ती भाववाढ वाटते.

आता एक गोष्ट सांगतो जी तुम्ही विचारली नाही, पण तुम्हाला सगळ्यात जास्त तीच लागणार आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला ७,५०० पर्यंतच्या खोलीचा दर १२ वरून ५ टक्के झाला. दसऱ्याच्या तोंडावर सगळीकडे पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. पण त्या ५ टक्क्यांसोबत इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे तुम्ही खरेदीवर आणि सेवांवर जो कर भरता तो आता वजा मिळत नाही, खर्चातच बसतो. पोर्टलवरून भरलेली तुमची एक खोली धरा, कमिशन समजा वीस टक्के. पूर्वी १,८०० मधून ३६० कमिशन गेलं की १,४४० हातात. कमिशनवरचा ६४ रुपये ८० पैसे जीएसटी तुम्ही तुमच्या करातून वजा करायचा. आता ते ६४.८० तुमच्याच गळ्यात. हातात तेच १,४४० उरायला हवे असतील तर खोलीचा भाव १,८८५ करावा लागतो. तेव्हा गिऱ्हाईक करासकट १,९७९ देतं, पूर्वी २,०१६ देत होतं. वर्तमानपत्रात "खोली सव्वाशेने स्वस्त" असं वाचून आलेल्या माणसाला प्रत्यक्षात सदतीस रुपयांची सूट मिळते, आणि तो तुम्हाला चोर समजतो.

त्यात एसी, गाद्या, वॉशिंग मशीन, लाँड्रीवाल्याचं बिल धरलेलं नाही. थेट फोनवरून येणाऱ्या गिऱ्हाइकावर हा भार जवळजवळ नाही. म्हणून नागपूर-हैदराबादच्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर वहीत सांभाळून ठेवा, दसरा-दिवाळीला एक मेसेज टाका. पोर्टल वाईट असं मी म्हणत नाही, समृद्धी महामार्ग झाल्यापासून नाशिक-मुंबईकडचे नवे लोक तिथूनच येतात.

या हिशेबामुळे उद्याच्या दरवाढीचा प्रश्नही नुसत्या टक्क्यांचा राहत नाही. क्रेडिटसकट १२ टक्के आणि क्रेडिटविना ५ टक्के यांत पोर्टलवर चालणाऱ्या, नुकतंच एसी-फर्निचर घेतलेल्या माणसाला कदाचित १२ परवडले असते. दर वाढला अशी बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारा की क्रेडिट आहे का. दुसरं सगळं नंतर.

आता तुमची कॉटेजं. ८,००० वाचलं आणि मी चष्मा काढून बाजूला ठेवला.

७,५०० रुपयांना रेघ आहे. त्यापर्यंत ५ टक्के, एक रुपया वर गेलात की १८. ७,५०० ची कॉटेज गिऱ्हाइकाला ७,८७५ ला पडते. ७,६०० केलीत तर ८,९६८ ला. शंभर रुपये तुमचे वाढले, त्याचे १,०९३ गेले. वरच्या टप्प्यात क्रेडिट मिळतं हे खरं, पण दोन कॉटेजांच्या खरेदीवर ते असून किती असणार? आणि बांधकामाच्या सिमेंट-विटांचं, मिस्त्रीच्या ठेक्याचं क्रेडिट तर तसंही मिळत नाही.

खरी अडचण खोलीची नाहीच, खानावळीची आहे. १ एप्रिल २०२५ पासून नियम असा आहे की मागच्या आर्थिक वर्षात तुमच्या जागेतली कुठलीही एक खोली दिवसाला ७,५०० पेक्षा जास्त दराने दिली गेली असेल, तर या वर्षी त्याच जागेतल्या उपाहारगृहाला ५ ऐवजी १८ टक्के लागतो. कुठलीही एक खोली, एक रात्र. बोर्डावर लिहिलेला भाव नाही, प्रत्यक्ष घेतलेला. म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री हैदराबादच्या पार्टीने हट्ट केला म्हणून तुम्ही कॉटेज ८,००० ला दिलीत, की पुढच्या १ एप्रिलपासून वर्षभर तुमच्या २५० च्या थाळीवर साडेबारा रुपयांऐवजी पंचेचाळीस रुपये. दुपारी जेवायला येणारे जिप्सीवाले, वनखात्याचे लोक, सरकारी कामाला आलेले कारकून, ज्यांचा तुमच्या कॉटेजशी काही संबंध नाही, तेही पंचेचाळीस देतील. देणार नाहीत हो, समोरच्या टपरीवर झुणका-भाकर खातील.

एका रिसॉर्टवाल्याचं असंच झालं. नाताळच्या आठवड्यात तीन-चार तंबू रेघेच्या वर गेले, आणि एप्रिलमध्ये मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "काहून सांगितलं नाही बाप्पा आधी?" सांगितलं होतं. व्हॉट्सॲपवर, दोनदा.

म्हणून कॉटेज ७,४०० ला ठेवा आणि जे जास्त मिळवायचं ते दुसऱ्या सेवेतून मिळवा. पण इथे एक सावधगिरी. "खोली, तिन्ही वेळचं जेवण मिळून ८,५००" असं एकत्र पॅकेज विकलंत, तर जीएसटी खातं त्याला मुख्यतः खोलीच समजेल, आणि पूर्ण ८,५०० वर १८ लागण्याचा धोका आहे. वेगळं बिल म्हणजे खरोखर वेगळं. नुसती खोली घेणाऱ्याला नुसती खोली मिळाली पाहिजे, तसा भाव जाहीर पाहिजे, जेवणाचं बिल जेवण्यावर बनलं पाहिजे. एकच रक्कम घेऊन मागाहून कागदावर तिचे तुकडे केले तर ते टिकत नाहीत.

कंपोझिशन योजनेबद्दलही कुणीतरी सांगितलं असेल. वर्षाला ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सेवांसाठी ही ६ टक्क्यांची योजना आहे, रिटर्नची कटकट कमी. खोलीवर १२ टक्के होता तेव्हा काही छोट्या लॉजवाल्यांना मी ती घ्यायला लावली होती. आता नाही सांगत. त्या योजनेत कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, खिशातून भरायचा. ५ टक्के गिऱ्हाईक देत असताना ६ आपण का द्यायचे? उद्या दर वाढला तर हा हिशेब पुन्हा करू, पण योजना आर्थिक वर्ष सुरू होण्याआधीच निवडावी लागते, मध्येच उडी मारता येत नाही.

तुमच्याकडे थर्मल वीज केंद्राचे, वेकोलिच्या कोळसा खाणींचे किंवा सिमेंट कंपन्यांचे लोक राहतात का, ते कळवा. त्यांच्यासाठी कर किती हा प्रश्नच नसतो, पक्कं बिल आणि त्यावर कंपनीचा जीएसटी नंबर एवढंच हवं असतं, कारण ते क्रेडिट घेतात. फक्त खोलीवर नेहमी ती जिथे आहे त्या राज्याचा आणि केंद्राचा कर लागतो, म्हणून महाराष्ट्राबाहेर नोंदणी असलेल्या कंपनीला ते क्रेडिट मिळत नाही, आणि तिचा अकाउंटंट तुमच्याशी भांडेल. भांडू द्या, तुमचं बिल बरोबर असतं. सफारीचे महिने सोडून उरलेल्या दिवसांत अशी गिऱ्हाइकं मिळाली तर करवाढीचा सगळ्यात कमी त्रास त्यांच्याकडून.

परमिट रूमचा विषय तुम्ही काढला नाही, तो काढूही नका असं माझं मत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, २०२१ मध्ये उठली, आणि गेटजवळच्या बऱ्याच जणांना वाटलं की आता बारमधून पैसा. जीएसटी निदान देशभर एक आहे, दारूवरचा कर मात्र राज्य सरकारच्या हातात. १ नोव्हेंबर २०२३ ला परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ चा १० टक्के झाला, २०२५ मध्ये परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क वाढलं. त्या वर्षी १४ जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस कुलूप लावलं, त्याने काय झालं ते तुम्ही पाहिलंच. इथे मात्र तुमचा शेजारी म्हणतो ते खरं ठरतं. गिऱ्हाईक चंद्रपूरच्या दुकानातून बाटली घेऊन येतं आणि तुमच्याकडे फक्त सोडा मागतं. वर्ध्यात बंदी आहे म्हणून बोर अभयारण्याजवळच्या लोकांना हा मोह पडत नाही, सुखी आहेत.

शेवटी ॲडव्हान्स, कारण दर बदलतो तेव्हा भांडणं इथेच होतात. दिवाळीचं बुकिंग तुम्ही ऑगस्टमध्ये घेता. मधेच दर बदलला तर कुठला लागेल? मुक्काम दर बदलल्यावरचा असेल, तर बिल आणि पूर्ण पैसे दोन्ही आधी झालेले असतील तरच जुना दर. पैसे आधी आले पण बिल नंतर फाडलं, तर नवा. बिल आधी फाडलं पण पैसे नंतर आले, तरी नवाच. आपल्याकडे ॲडव्हान्सची साधी पावती देऊन मुक्काम संपल्यावर बिल करायची पद्धत आहे, म्हणजे जवळजवळ नेहमी नवा दर लागणार. दर उतरला तेव्हा गिऱ्हाइकाला पैसे परत देणं सोपं होतं. चढला की पहाटे पाचला, जिप्सी सुरू असताना, १२६ रुपयांवरून आवाज चढतो.

त्यासाठी पावतीबुकावर एक शिक्का मारून घ्या: "मुक्कामाच्या दिवशी लागू असलेला कर आकारला जाईल." मराठीत आणि हिंदीत, हैदराबादवाल्यांसाठी इंग्रजीतही. पोर्टलवरच्या तुमच्या माहितीत आणि व्हॉट्सॲपवर बुकिंग पक्कं करताना पाठवता त्या मेसेजमध्येही तेच वाक्य टाका. आणि कॉटेजचा भाव छापायच्या आधी मला एकदा फोन करा.